मीनाचे सरळ केस

बार्शीला मावसभावाचं लग्न होतं. वैशाखातलं ऊन, कार्यालयाला पत्र्याचं छप्पर. सगळं वऱ्हाड पंख्याखाली दाटीवाटीनं बसलेलं. मला कुठं जागा मिळेना म्हणून मी हॉलच्या पार टोकाला गेले. तिथं पंखा नव्हता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात एकच बाई पाठमोरी बसली होती. अंगभर पदर लपेटलेला, पाठीवर सरळ, लांब, मोकळे केस. शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती.

मी म्हटलं, "अहो, जरा पर्स उचलता का?"

बाई वळली. ती मीना होती.

मीना माझी सख्खी बहीण. नुसती सख्खी नव्हे, जुळी. तिचं नाव मीनाक्षी, माझं नीलाक्षी. एकच नाक, एकच हनुवटी, आणि कंगवे मोडणारे एकसारखे कुरळे केस. आई रविवारी आम्हा दोघींना न्हाऊ घालून उन्हात बसवायची, तेव्हा शेजारचे म्हणायचे, होनरावांच्या अंगणात लोकरीचे गुंडे वाळत पडलेत. आणि अशा बहिणीला मी 'अहो' म्हणाले होते.

"नीले, मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलीस?" ती म्हणाली. तिला मजा वाटली होती. आवाज मात्र घोगरा येत होता. मी विचारलं तर म्हणाली, शाळेत पोरांना गाणी शिकवून शिकवून घसा बसलाय.

या गोष्टीला पंधरा वर्षं होऊन गेली. तेव्हा फोनवर माणसाचं तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज ऐकू यायचा. मी सोलापूरला एका पतसंस्थेत, ती नगरला एका शाळेत संगीत शिक्षिका. दोघींच्या सुट्ट्या जुळायच्या नाहीत, त्यामुळे दोन वर्षांत भेट झाली नव्हती. मागच्या भेटीत तिच्या केसांचं वळण थोडं सैल झालेलं मी पाहिलं होतं, पण तेव्हा तिनं तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. आता समोर होते ते चक्क सरळ केस. जरा राठ होते, पण सरळ.

लग्न कुणाचं आहे हे त्या दिवशी बायका विसरल्याच. नवरीच्या हारापेक्षा मीनाच्या केसांचीच चर्चा जास्त. मीनानं कौतुकानं सांगितलं, पार्लरला गेले नाही की इस्त्री फिरवली नाही. तिची थोरली जाऊ अमेरिकेत असते. ती दर वर्षी गोळ्यांच्या मोठ्या बाटल्या पाठवते. केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी. चार वर्षं झाली, मीना रोज एक गोळी घेते आहे. आधी केस गळायचे म्हणून सुरू केली, आणि मग हळूहळू वळणच गेलं. पंगत उठेपर्यंत दोन मावश्या आणि एका वहिनीनं आपापल्या बाटलीची मागणी नोंदवून टाकली.

मी पण म्हटलं, "मलाही एक मागव की."

"तुला कशाला? तुझे छान आहेत," मीना म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

मला जरा लागलं. दूरच्या वहिनीला मिळतं आणि सख्ख्या बहिणीला नाही. पण लग्नघरात रुसायला वेळ कुणाला असतो?

माझे यजमान मुलीला घेऊन गावी गेले होते आणि मला चार दिवस मोकळे होते, म्हणून मी मीनाबरोबर नगरला गेले. तिचा मुलगा शिकायला बाहेर. घरात ती आणि दाजी दोघंच. प्रभाकरदाजी वीज मंडळात होते. शांत माणूस. आम्ही पोचलो तर त्यांनी स्वतः कुकर लावून ठेवलेला. मला वाटलं, मेहुणी येणार म्हणून एवढा थाट. दुसऱ्या दिवशीही त्यांनीच लावला. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तेव्हा ते सहज म्हणाले, वर्षभर संध्याकाळचा स्वयंपाक मीच करतो, तिला होत नाही.

मीनाला होत नाही, हे वाक्य माझ्या कानाला नवीन होतं. लहानपणी धावायला, झाडावर चढायला, भांडायला तीच पुढे असायची. आता ती दुपारी जेवून जी आडवी व्हायची ती दिवेलागणीला उठायची. उठली तरी डोळे सुजल्यासारखे. मे महिन्यात मी पदरानं वारा घेत बसायची, आणि ती माझ्यासमोर स्वेटर घालून चहा प्यायची. माझे कुरळे केस घामानं कपाळाला चिकटलेले, हिच्या कपाळावर थेंब नाही.

तिच्या गाण्याच्या पेटीवर कापड घातलेलं होतं, आणि त्या कापडावर इस्त्रीचे कपडे रचलेले. ते पाहून मात्र मला राहवेना. मी विचारलं. तेव्हा कळलं की जूनपासून शाळा सोडायची असं तिनं मुख्याध्यापकांना सांगून टाकलंय.

"आवाज लागत नाही आता," ती म्हणाली. "वरचा सा लावायला गेले की नुसती हवा येते. मुलांसमोर किती दिवस खोकल्याचं नाटक करायचं?"

दाजींनी सांगितलं की त्यांनी वर्षापूर्वी तिचं सगळं रक्त तपासून घेतलं होतं. थायरॉइडसुद्धा. सगळं नॉर्मल. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुलगा बाहेर गेलाय, घर रिकामं झालंय, असं होतं या वयात, मन रमवा. दाजी तिला दोनदा महाबळेश्वरला घेऊन गेले. ती तिथंही झोपली.

मी म्हटलं, पुन्हा तपासू. मीना नाही म्हणाली. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, सुई टोचून घ्यायची हौस नाही. सकाळभर आमचं हेच चाललं. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "आधी तू दे. मग मी देते."

शाळेत लस टोचायला यायचे तेव्हाही ती हेच म्हणायची. मी आधी हात पुढे करायचा आणि रडायचं नाही, मग ती करणार. मी तेव्हाही करायची. म्हटलं, चल.

नगरमध्ये डॉक्टर कर्पे म्हणून एक बाई नव्यानंच दवाखाना टाकून बसल्या होत्या. पस्तिशीच्या, थेट बोलणाऱ्या. त्यांनी मीनाचा गळा चाचपला, गुडघ्यावर हातोडी मारली, नखं पाहिली आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. मी म्हटलं, माझ्यासाठीही हेच लिहा, नाहीतर ही देणार नाही. बाई हसल्या आणि दोन कागद लिहिले. मी आधी हात पुढे केला. मग मीनानं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. मीनाचा सगळा नॉर्मल. बिघाड निघाला तो माझ्यात. थायरॉइड मंदावायला लागलेलं, सुरुवात आहे, पण गोळी चालू करावी लागेल.

मीना हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा इतकी हसली. "बघ," ती म्हणाली, "आजारी तू आहेस आणि मला घेऊन फिरतेस."

कर्पेबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मी घामेजलेली, ती स्वेटरमध्ये. त्या म्हणाल्या की रिपोर्टची अदलाबदल झाली असणार. एवढ्या सारख्या दोघी एका वेळी गेल्यात, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या चुकल्या असतील. आम्हाला यात नवीन काही नव्हतं. शाळेत तिचा मार मी खाल्लेला, माझं जंताचं औषध तिनं प्यायलेलं. आम्ही निमूट परत गेलो. या वेळी मी सकाळी गेले आणि मीना दुपारी, म्हणजे घोटाळा व्हायला वाव नको.

पुन्हा तेच आलं. मी बिघडलेली, ती ठणठणीत.

कर्पेबाई दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी मीनाला विचारलं, कुठलं औषध चालू आहे का?

"नाही," मीना म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या कॅलेंडरकडे बघत होती. खोटं बोलतेय असं तिला मुळीच वाटत नव्हतं. औषध म्हणजे आजाराचं. मी म्हटलं, "ती केसांच्या गोळ्या घेते. चार वर्षं. अमेरिकेच्या."

"ते औषध नाही, नीला. जीवनसत्त्व आहे."

"बाटली घेऊन या," बाई म्हणाल्या.

दाजी स्कूटरवरून जाऊन बाटली घेऊन आले. कर्पेबाईंनी चष्मा कपाळावर सारून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. त्या म्हणाल्या, आठवडाभर ही गोळी पूर्ण बंद करायची आणि मग पुन्हा रक्त द्यायचं. जास्त काही आत्ता सांगत नाही, आधी बघू दे.

मला वाटलं, सुटलो. एवढंच तर करायचंय. पण घरी आल्यावर मीना म्हणाली की ती गोळी बंद करणार नाही.

दाजींनी समजावलं, मी समजावलं. ती ऐकेना. दाजी कंटाळून भाजी आणायला गेले. आम्ही दोघी मागच्या गॅलरीत बसलो. समोर कुणाच्या तरी गच्चीवर पापड वाळत घातले होते. मीना त्यांच्याकडे बघत बोलली.

"ते लातूरचे लोक आठवतात तुला? मला बघायला आले होते ते."

आठवत होते म्हणजे काय, तो आमच्या घरातला ठेवणीतला विनोद होता. मीच तो सगळीकडे सांगायची. मीनाला बघायला लातूरची मंडळी आली, कांदेपोहे मी नेले, चहा तिनं नेला, आणि चार दिवसांनी त्यांचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, दोघींपैकी कोणतीही चालेल. माझ्या लग्नातही हे सांगून मी सासरच्यांना हसवलं होतं.

"तू ते सांगतेस आणि सगळे हसतात," मीना म्हणाली. "मी कधी हसलेली पाहिलीस?"

मी आठवून पाहिलं. नाही पाहिली.

"त्या दिवशी मी त्यांना तासभर गाऊन दाखवलं होतं, नीला. आणि त्यांना कोणतीही चालणार होती." तिनं केस पुढे घेतले. "हे केस सरळ झाले ना, तेव्हा एकदा बार्शीला माहेरी गेले होते. स्टँडवर कुणीही विचारलं नाही, तू मीना की नीला. रिक्षावाला पण नाही. मी चालत घरी गेले, एवढं बरं वाटलं मला. परवा तूसुद्धा ओळखलं नाहीस. मला दिवसभर त्याचा आनंद होता. आता ह्या बाई म्हणतात गोळी बंद कर. परत कुरळे झाले तर?"

म्हणून माझ्यासाठी बाटली मागवायची नव्हती. मी एवढी वर्षं समजत होते की आम्ही सारख्या आहोत ही आमची दोघींची गंमत आहे. ती माझी एकटीचीच होती.

माफी मागितली असती तर तिनं उडवून लावली असती. शेवटी मी म्हटलं, "केस सरळ ठेवायचे तर पार्लर आहे, इस्त्री आहे, हजार उपाय आहेत. वरचा सा परत आणायचा उपाय काय, हे शोधणारं माणूस एवढ्या दिवसांत एकच भेटलंय. आठवडाभर तरी त्या बाईचं ऐक."

मीना पापडांकडेच बघत राहिली. आत जाऊन तिनं चहा टाकला. चहा घेऊन आली तेव्हा दुसऱ्या हातात ती बाटली होती.

"तुझ्या पिशवीत ठेव," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर नको. एक आठवडा. त्याच्यापुढे एक दिवस नाही."

मी पतसंस्थेत फोन करून रजा वाढवली. मॅनेजर कुरकुरले. कुरकुरू देत म्हटलं. तो आठवडा मीना चिडचिड करत होती. रोज सकाळी उठून आरशात मुळं बघायची आणि काही बदललं नाही की थोडी निवळायची. मी तिला सांगितलं की केस काय एका रात्रीत वळत नसतात. ती म्हणाली, तुला काय माहीत, तुझे कधी सरळ झालेत?

आठवड्यानं रक्त दिलं. या वेळी तिनं आधी हात पुढे केला.

रिपोर्ट आला तेव्हा कर्पेबाईंनी स्वतः फोन करून आम्हाला बोलावून घेतलं. मीनाचं थायरॉइड जवळजवळ झोपलेलं होतं. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बिघाड, आणि तोही बऱ्याच वर्षांचा. बाईंनी समजावून सांगितलं. ती गोळी विषारी वगैरे काही नाही. पण तिच्यात एक जीवनसत्त्व भरमसाट असतं, आणि ते रक्तात असलं की काही यंत्रांवर थायरॉइडचा आकडा चुकीचा येतो. लॅबची चूक नाही, आधीच्या डॉक्टरांचीही नाही. त्यांनी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही.

"म्हणजे केस सरळ झाले ते गोळीमुळे..." मीनानं विचारलं.

"गोळीनं केसांना काहीही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "केस राठ झाले, वळण गेलं, ते थायरॉइडमुळे. आवाज, थंडी, झोप, सगळं त्याच्यामुळेच. गोळीनं फक्त ते लपवलं. औषधानं सगळं हळूहळू परत येईल."

"केसपण?"

"बहुतेक केसपण."

बाईंनी माझा कागद उचलून तिच्यासमोर धरला. "ह्या तुमच्यासारख्या नसत्या तर मी तुमचा रिपोर्ट नॉर्मल म्हणून फाइलला लावला असता. दोघींचं सगळं सारखं आणि एवढंच वेगळं कसं, म्हणून मी अडकले. तुमचा आजार तुमच्या बहिणीत सापडलाय."

आम्ही रिक्षानं घरी निघालो. चितळे रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली. मीना रस्त्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, आणि तसंच बघत ती म्हणाली, "चला, तुझ्यासारखी असण्याचा एकदा तरी उपयोग झाला."

मला रडू यायला लागलं होतं ते हसण्यात गेलं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

बार्शीत बातमी पोचली तेव्हा मावश्यांनी बाटल्यांची मागणी परत घेतली. वहिनीनं मात्र मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "मग ते थायरॉइड कशानं होतं म्हणाल्या?" केसांची हौस दांडगी असते.

मीनाची थायरॉइडची गोळी चालू झाली, आणि माझीही. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, विसरायची नाही. ती नगरला घेऊन मला मिस्ड कॉल द्यायची, मी सोलापूरला घेऊन तिला. पावसाळा सरता सरता तिचा स्वेटर कपाटात गेला. दाजींचा फोन आला की संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्या हातून काढून घेण्यात आलाय आणि त्यांना जरा चुकल्यासारखं होतंय. शाळेनं तिच्या जागी कुणाला घेतलं नव्हतं, ती दिवाळीनंतर पुन्हा रुजू झाली. एका रविवारी तिनं फोन केला, हॅलो म्हटलं नाही, नुसता वरचा सा लावला. लांब, सरळ, कुठंही न फाटलेला. मी पलीकडे रिसीव्हर धरून उभी. माझ्या सासूबाई आतून म्हणाल्या, मीनाचा फोन आहे का?

आणि केसही परतले. आधी मुळाशी, कानाजवळ, मानेवर. वर कुरळे आणि खाली सरळ असे विचित्र दिवस तिनं अंबाड्यात काढले. मी विचारायला घाबरत होते. पुढच्या उन्हाळ्यात ती आठ दिवस सोलापूरला येते म्हणाली. मी स्टँडवर गेले. नगरच्या गाडीतून माणसं उतरत होती, मी कुरळ्या केसांची बाई शोधत होते, आणि मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर टपली मारली. मीनाच होती. केस मानेपर्यंत कापलेले, आणि सुळसुळीत सरळ. पार्लरमध्ये तीन तास बसले, ती म्हणाली, मान मोडून आली.

ते केस आता चमकत होते, आणि तिचे गालसुद्धा.

घराच्या जिन्यात आमच्या नव्या शेजारीण गाडेकरबाई भेटल्या. मी म्हटलं, ही माझी बहीण मीनाक्षी, नगरला संगीत शिकवते. मी सवयीनं पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. अगबाई, किती सारख्या, असं सगळे म्हणतात ते. गाडेकरबाईंनी तिला न्याहाळलं, मला न्याहाळलं आणि सहज विचारलं, "तुमच्याहून मोठी की धाकटी?"

मीना माझ्याआधी जन्मली. थोडा वेळच आधी, पण तेवढ्या जोरावर तिनं जन्मभर मला कामं सांगितली, माझ्या वाटणीचा खाऊ खाल्ला, आणि आईच्या माघारी घरचा कारभार केला. मोठेपणाचा हक्क तिनं कधी तसूभर सोडला नव्हता.

"धाकटी," मीना म्हणाली. "बरीच धाकटी."

आणि तिची पिशवी माझ्या हातात देऊन ती पुढे जिना चढायला लागली.